गुलाबाच्या खोक्यातलं खत

“वास येतो तो खताचा दोष नाही, घाई करणाऱ्याचा आहे,” असं नाकवाले एकदा म्हणाले होते. म्हणताना त्यांच्या हातात कोंबड्यांच्या ओल्या विष्ठेने भरलेली पाटी होती, त्यामुळे ऐकणारे चार पावलं मागे सरकले. एकटी त्यांची सून जागची हलली नाही. ती धीराची होती म्हणून नव्हे. तिच्या मागे भिंत होती.

नाकवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षं ते साबणाच्या कारखान्यात सुगंधाच्या खोलीत कामाला होते. खोली लहान, खिडक्या बंद, एक लांब टेबल, त्यावर काचेच्या बुचांच्या बाटल्या आणि कागदाच्या बारीक पट्ट्या. साबणाची प्रत्येक खेप बाहेर पडायच्या आधी तिच्यातली एक वडी त्यांच्या नाकाखालून जायची. ते “हं” म्हणाले की ट्रक निघायचा. नुसती मान हलवली की सगळी खेप परत कढईत. दोन वासांच्या मध्ये ते स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसून एक खोल श्वास घ्यायचे. पाटी पुसून कोरी करावी तसं नाक कोरं करायची ही रीत. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. बोलता बोलता ते मध्येच कोपरात तोंड घालायचे आणि समोरच्याला वाटायचं, आपण काही वाईट बोललो की काय.

निरोप देताना कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी स्वतः मागून घेतली ती रिकामी खोकी, जाड पुठ्ठ्याची, चारही बाजूंना टपोऱ्या गुलाबाचं चित्र असलेली. त्यांचं काय करणार, असं कुणी विचारलं नाही. साबणाचा माणूस साबणाची खोकी नेतो यात विचारण्यासारखं काय आहे?

त्या खोक्यांतून ते लीद आणायला लागले. गावाच्या टोकाला घोडेस्वारी शिकवणारी शाळा होती. तिथली घोड्यांची लीद. रेल्वे फाटकाजवळ एक बाई शेळ्या पाळायची, तिच्याकडच्या लेंड्या. सायकल पंक्चर असली की खोकं मांडीवर घेऊन ते बसने यायचे. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी गुलाबाचं चित्र बघून विचारलं होतं, साबण विकायला आहे का. नाकवाल्यांनी खोकं थोडं आवळून धरलं आणि म्हणाले, आहे, पण अजून पिकायचाय. बाई पुढच्याच थांब्यावर उतरल्या. तो त्यांचा थांबा होता की नव्हता, हे नाकवाल्यांनी घरी सांगताना कधीच स्पष्ट केलं नाही.

घरामागे चार बिऱ्हाडांचं मिळून एक अंगण होतं. त्यातला कोपरा नाकवाल्यांकडे होता आणि त्या कोपऱ्यात तीन खड्डे होते. पहिल्याला ते तान्हं म्हणायचे, दुसऱ्याला पोरगेलं, तिसऱ्याला जाणतं. तान्ह्यात ताजी लीद, वाळका पाला आणि घरातली सालं थरांनी घालायची. तीन आठवड्यांनी वरखाली करायचं, दोन महिन्यांनी पोरगेल्यात सारायचं आणि सहा महिने उलटल्याशिवाय झाडाच्या मुळाशी काही न्यायचं नाही. भिंतीवर खडूने तारखा लिहिलेल्या असायच्या. हा कडक नेम त्यांना पहिल्याच वर्षी लागला. तेव्हा हौसेच्या भरात त्यांनी कोंबड्यांची ताजी विष्ठा सरळ टोमॅटोच्या बुडाशी घातली होती. चार दिवसांत रोपं अशी करपली की सुनेला वाटलं, कुणी त्यांवर उकळतं पाणी ओतलं. ताजं खत आतून तापतं, मुळं भाजतं. नाकवाले त्या रोपांसमोर बराच वेळ उकिडवे बसले होते. पाटीवालं ते वाक्य त्यानंतरचं. ते स्वतःलाच उद्देशून होतं, हे पुढे सगळे विसरले, तेही विसरले.

बागेत वांगी होती, पालक होता, मिरची होती आणि एक भोपळ्याचा वेल होता. हा वेल मोठा आगाऊ. तो भिंतीवरून चढून पहिल्या मजल्यावरच्या हेडबाईंच्या खिडकीपर्यंत गेला होता. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची खिडकी बरोबर तान्ह्याच्या डोक्यावर होती. खताचं नाव काढलं की त्या नाक मुरडायच्या आणि खिडकीतून हात बाहेर काढून भोपळा तोडायच्या. ही दोन कामं एका वेळी करणं त्यांना जमत होतं.

आता सुनेबद्दल. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर फिरत्या चाकावर काच धरायची आणि कडेवरून अंगठा फिरवून बघायचं, कुठे खुपते का. डोळ्याला न दिसणारी खोट तिच्या अंगठ्याला कळायची. सासऱ्यांशी तिचं भांडण नव्हतं. नवरा पाण्याचे पंप विकायला महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, त्यामुळे घरात दोघंच, आणि दोघंही आपापल्या कामाचे. रोज ती स्वयंपाकाला लागली की नाकवाले दाराच्या चौकटीत येऊन उभे राहायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, काय घमघमाट सुटलाय. मगच खोकं घेऊन बाहेर पडायचे. इस्पितळातले दहा दिवस सोडले तर सहा वर्षांत एक दिवस हे चुकलं नव्हतं. तिच्या माहेरी कुणी जेवणाला चांगलं म्हणत नसे. वाईट म्हणत नसत, हेच प्रशस्तिपत्र. त्यामुळे हे वाक्य तिने मनात कुठेतरी जपून ठेवलं होतं.

पण एका शनिवारी नाकवाल्यांनी तान्हं वरखाली केलं आणि दोरीवर सुनेचे कपडे वाळत होते. सोमवारी दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा लावून बघता बघता थांबलं, चष्मा काढला आणि दोन पावलं लांब जाऊन परत लावला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी जिन्यात हेडबाई भेटल्या. ती म्हणाली, हेडबाई, तुम्ही तरी काहीतरी बोला, मी सून पडले, मला बोलता येत नाही.

हेडबाईंना एवढंच हवं होतं. तीस वर्षं ज्यांनी मुलींच्या वह्या तपासल्या त्यांना कुणीतरी चूक दाखवायची विनंती करत होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली. समास सोडलेला, लाल शाई, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मजकूर असा की दुर्गंधीमुळे खिडकी उघडणं, श्वास घेणं आणि कपडे वाळत घालणं अशक्य झालं असून तिन्ही खड्डे बुजवून तिथे फरशी करावी. रविवारी सर्वांनी जमावं.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, सुनेला ते कळलं.

दुकानातून येऊन ती स्वयंपाकघरात नुसती उभी होती. शेगडी पेटवलेली नव्हती. ओट्यावर एक अख्खा कांदा होता, सालीसकट. नाकवाले चौकटीत आले, मान वर केली आणि म्हणाले, “काय घमघमाट सुटलाय. कांदा अगदी बेताने परतलायस हो.”

सुनेने कांद्याकडे बघितलं. मग म्हणाली, हो बाबा.

ते गेल्यावर ती तिथेच पाटावर बसली. चौकशी केल्याशिवाय तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिने रॉकेलात बुडवलेला बोळा त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. नाकवाले पेपर वाचत राहिले. शनिवारी दूध मुद्दाम करपवलं, इतकं की समोरच्या बिऱ्हाडातून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळवाल्याची बायको विचारायला आली. नाकवाले शेगडीपासून दोन हातांवर शेंगा सोलत होते. त्यांनी तिलाच विचारलं, काय झालं?

म्हणजे नाक गेलं होतं. कधी, ते समजायला मार्ग नव्हता. कारखान्यातल्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल सुनेच्या मनात एक शंका आली, ती तिने मनातच दाबली. पण बाकीचं सगळं एकेक करून तिच्या अंगठ्याला लागायला लागलं. नाकवाले खड्ड्यात लोखंडी गज खुपसून शंभर अंक मोजायचे आणि तो काढून गालाला लावायचे. ते हे का करतात, हे आता तिला कळलं. गज तापला तर खत कच्चं, गार तर जाणतं. मूठभर खत ते चिमटीत चोळायचे, कानाजवळ दाबायचे. वास सोडून सगळ्याने ते खत ओळखत होते. बत्तीस वर्षं ज्या एका गोष्टीवर पोट भरलं ती गेल्यावर माणसाने बाकीची सगळी इंद्रियं गुपचूप कामाला लावली होती, आणि वर तो रोज चौकटीत उभं राहून सुनेच्या स्वयंपाकाचा वास घेत होता. तिला हसू आलं. मग त्या हसण्याच्या खाली दुसरंच काहीतरी हाताला लागलं, म्हणून ती हसायची थांबली.

रविवारी अंगणात सगळे जमले. सगळे म्हणजे नाकवाले, सून, हेडबाई, घड्याळवाला आणि त्याची बायको. चौथं बिऱ्हाड गावाला गेलं होतं. नवऱ्याचा फोन आला होता, बाबांना समजाव आणि हेडबाईंनाही समजाव. सून म्हणाली, आणि तुम्ही? तो म्हणाला, मी समजून घेतोय.

हेडबाईंनी नोटीस वाचून दाखवली. नाकवाल्यांनी शांतपणे विचारलं की मागे आपण दहा दिवस हर्नियासाठी इस्पितळात होतो, तिन्ही खड्डे रिकामे करून गेलो होतो, तेव्हा वास कसला येत होता? कारण त्याही दिवसांत हेडबाईंनी खिडकी आपटून बंद केल्याचं घड्याळवाल्याने ऐकलं होतं. घड्याळवाल्याने आपलं नाव निघताच मनगटावरच्या घड्याळात डोकं घातलं. हेडबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मला नसलेला वास तरी येतो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला असलेलाही येत नाही, नाकवाले. तुमच्याबरोबर नाकानेही पेन्शन घेतलेली दिसतेय.”

तो त्यांनी अंधारात मारलेला दगड होता. तो कुठे लागला हे अंगणात दोघांनाच कळलं. नाकवाल्यांचं कोपर नाकाकडे गेलं आणि अर्ध्यातून परत आलं. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि भिंतीवर पुढच्या रविवारची तारीख लिहिली. ते म्हणाले, तीन खड्ड्यांतलं खत तीन डब्यांत भरा, वर फडकी बांधा. कोणता डबा कोणत्या खड्ड्याचा ते मी सांगतो. एक जरी चुकला तर खड्डे मी माझ्या हाताने बुजवीन आणि मला पुन्हा कुणी नाकवाले म्हणायचं नाही.

सुनेने डोळे मिटले. खड्डे गेले असते तर तिचे कपडे स्वच्छ वाळले असते, हे खरं. पण सोमवारी जिन्यात बोललेल्या तिच्या एका वाक्याने आता सासऱ्यांचं नाक भर अंगणात कापलं जाणार होतं आणि ते मुळात जागेवर नव्हतं हेही सगळ्यांना दिसणार होतं.

डबे भरायचं काम दोन्ही पक्षांनी एकमताने तिच्यावर टाकलं. हेडबाईंनी त्यासाठी चिनी मातीचे जाड वाडगे काढून दिले. सून म्हणाली, नको, चांगले वाडगे खराब होतील. आमच्या दुकानात पावडरीच्या पत्र्याच्या डब्या रिकाम्या पडल्यात, त्या आणते. हेडबाईंनी तिच्या काटकसरीचं कौतुक केलं. पत्रा पातळ असतो आणि त्यातून ऊब बाहेर येते, याचा विचार करायचं हेडबाईंना काही कारण नव्हतं.

ठरलेल्या रविवारी सकाळी तिने पोरगेलं आणि जाणतं आधी भरलं. तान्हं मात्र अगदी शेवटी, सगळे खुर्च्यांवर बसल्यावर, खड्ड्याच्या पोटातून, जिथे हात घातला तर चटका बसतो तिथून. फडकी बांधली, पातळ मलमलीची. डब्या रांगेत मांडून ती भोपळ्याच्या वेलापाशी जाऊन उभी राहिली.

नाकवाल्यांनी पहिली डबी उचलली. दोन्ही तळव्यांत धरली आणि एक क्षण सुनेकडे बघितलं. सून भोपळ्याचं फूल निरखत होती. मग त्यांनी डबी नाकापाशी नेली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, असा की घड्याळवाल्याच्या बायकोनेही नकळत घेतला आणि लगेच पदर नाकाला लावला.

“तान्हं,” नाकवाले म्हणाले. “पाच आठवड्यांचं. वर थोडी पालकाची देठं.”

कोपरात नाक, एक श्वास. दुसरी डबी. त्यांचा अंगठा फडक्यावरून सहज फिरला, जरा दाबला. आत काहीतरी भुसभुशीत चुरलं. जाणतं, ते म्हणाले. गेल्या हिवाळ्यातलं, याला मातीचाच वास येतो, दुसरा नाही. तिसरी डबी ओलसर, धाग्याधाग्यांची. पोरगेलं. घड्याळवाल्याने टाळी वाजवायला हात जवळ आणले.

“थांबा,” हेडबाई म्हणाल्या. त्यांनी पदराखालून चौथी डबी काढली. “हा माझा प्रश्न. अभ्यासक्रमाबाहेरचा.”

सुनेने आणलेल्यांतलीच उरलेली डबी, तसंच फडकं. नाकवाल्यांनी ती हातात घेतली. गार. हलकी. अंगठा दाबला, तर कोरड्या पातळ पापुद्र्यांसारखं काहीतरी. त्यांच्या कोणत्याच खड्ड्यात नसलेलं. ते नाकाशी डबी धरून उभे राहिले. श्वास घेतला. कोपरात नाक घातलं. पुन्हा श्वास घेतला.

सुनेला वेलापाशी वास आला. घड्याळवाल्याला आला, त्याच्या बायकोला आला. तिने पदर बाजूला केला. सगळ्या अंगणाला आला. गुलाबाच्या साबणाचा. त्यांच्याच कारखान्याचा, त्यांनीच बत्तीस वर्षं “हं” म्हणून बाहेर सोडलेला. हेडबाईंनी कपाटातली जुनी वडी किसून आणली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, उलट लाडिक गंमत होती. इतका सोपा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुठल्या मुलीला घातला नसेल.

नाकवाले उभेच होते. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. घड्याळवाल्याने बायकोकडे बघितलं, बायकोने हेडबाईंकडे.

सुनेने फूल तोडलं. तोडायचं नव्हतं, तुटलं.

“हेडबाई, ही काय रीत झाली?” ती तरातरा पुढे आली. “तुम्ही बोलावलंत खताला आणि पुढे करताय आमचाच गुलाबाचा साबण? म्हातारा माणूस उन्हात उभा आहे आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय?”

“अगं, उत्तर कशाला फोडलंस?” हेडबाई म्हणाल्या.

“सूनबाई घाई करते,” नाकवाले म्हणाले. आवाज जरा बसलेला होता, पण दुसऱ्या वाक्याला तो कारखान्यातला झाला. “मी विचार करत होतो, हेडबाईंना हे सांगावं की नाही. या साबणात गुलाब नाही. कधीच नव्हता. पानाचं तेल असतं, एका रानटी झुडपाच्या पानाचं, आणि वर तीन बाटल्यांतले थेंब. गुलाब फक्त खोक्यावर.”

हेडबाईंनी डबी परत घेतली, फडकं उचललं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. वीस वर्षं त्या याच साबणाने तोंड धूत होत्या आणि शाळेतल्या मुली मागून त्यांना गुलाबबाई म्हणायच्या, हे त्यांना माहीत होतं. त्यांना ते आवडायचं. आता त्या वडीकडे असं बघत होत्या की जणू ती कॉपी करताना सापडली.

खड्डे राहिले. तान्ह्याची जागा तेवढी बदलायची, हेडबाईंच्या खिडकीपासून दूर, आणि त्यावर वाळक्या पाल्याचा वीतभर थर घालायचा, असं ठरलं. कपडे वाळत असताना काही वरखाली करायचं नाही. आणि हेडबाईंच्या कुंड्यांना दर महिन्याला दोन डबे जाणतं. ही शेवटची अट हेडबाईंचीच होती.

सोमवारी सकाळी सून स्वयंपाकघरात होती. पातेल्यात कांदा चिरून टाकला होता, वर तेल, वर मीठ. झाऱ्याने ती ते हलवत होती आणि काय बोलायचं ते मनात घोळवत होती. नाकवाले चौकटीत आले. काखेत गुलाबाचं रिकामं खोकं होतं. ते तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “बाबा, हेडबाईंकडे पहिली तक्रार मी केली होती.”

“माहीत आहे,” नाकवाले म्हणाले. “नोटिशीत वाळत घातलेल्या कपड्यांचं लिहिलं होतं. त्या दोरीवर तुझ्याशिवाय कुणाचे कपडे असतात?”

म्हणजे त्या डब्या हातात घेताना, तिच्याकडे बघतानाही त्यांना हे माहीत होतं. सुनेचा चेहरा तापला. आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नव्हता.

“आणि त्या दिवशी,” ती खाली मान घालून म्हणाली, “कांदा चिरलेलासुद्धा नव्हता.”

तिने मान वर केली नाही. नुसती झाऱ्याने कांदा हलवत राहिली. मग पावलं जवळ आली. नाकवाल्यांनी खोकं ओट्यावर ठेवलं, उजवा हात पुढे केला आणि हाताची पालथी बाजू पातेल्याला लावली, गज गालाला लावावा तशी. जरा वेळ लावून ठेवली. मग त्यांनी मान हलवली. तीच ती कारखान्यातली, सगळी खेप परत पाठवायची.

सुनेने पातेल्याखाली वाकून बघितलं. शेगडी पेटवायची राहिली होती.

ओट्याच्या कडेला काडेपेटी होती. नाकवाल्यांनी ती उचलून तिच्या तळहातावर ठेवली, खोकं काखेत मारलं आणि घमघमाटाचं नाव न काढता बाहेर पडले.